एच-इंडेक्स, दोन-तीन विषय आणि एकच संशोधक

प्रश्न : माझं काम उपयोजित गणित आणि साथरोगशास्त्र अशा दोन विषयांत आहे. गूगल स्कॉलर माझा एच-इंडेक्स १९ दाखवतं, स्कोपस १३. खरा कोणता? आणि दोन्ही विषयांतलं काम एका आकड्यात मांडता येईल का?

उत्तर : एच-इंडेक्स १९ म्हणजे निदान १९ सायटेशन (दुसऱ्या लेखनात आलेले संदर्भ) मिळालेले १९ पेपर. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त मोजणी वेगवेगळ्या साठ्यांतून, म्हणजे पेपर आणि त्यांच्या संदर्भांच्या ऑनलाइन नोंदींतून, झाली आहे. स्कोपस निवडक जर्नलं, परिषदांचे ग्रंथ आणि काही पुस्तकं मोजतं. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या परीक्षणाआधी खुली केलेली प्रत), अहवाल यांतलेही संदर्भ उचलतं, म्हणून तिथला आकडा सहसा मोठा असतो. अर्जात आकड्याशेजारी साठ्याचं नाव आणि मोजल्याची तारीख लिहा, आणि एकाच तक्त्यात दोन साठे मिसळू नका.

त्याआधी प्रोफाइल साफ करा, कारण बहुतेक घोळ तिथेच असतो. स्कॉलरमध्ये नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर आपोआप तुमच्या नावावर चढतात. सेटिंगमध्ये आपोआप भर घालणं बंद करून प्रत्येक भर स्वतः तपासण्याचा पर्याय निवडा. एकाच पेपरचं प्रीप्रिंट आणि छापील रूप वेगळं दिसत असेल, तर दोन्हींवर खूण करून एकत्र करा. सायटेशन दोन नोंदींत विभागले गेले की एच-इंडेक्स उगाच घटू शकतो. स्कोपसमध्ये उलटा त्रास होतो : आद्याक्षरं किंवा संस्था बदलली की एकाच माणसाच्या दोन आयडी बनतात. त्या जोडण्याची विनंती तिथूनच करता येते. १६ अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक) प्रत्येक पेपर पाठवताना द्या. पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

आता मुख्य मुद्दा. भौतिकशास्त्रज्ञ होर्गे हिर्श यांनी २००५ साली मांडलेला हा निर्देशांक असा निघतो : पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा आणि ज्या शेवटच्या क्रमांकापर्यंत सायटेशन क्रमांकाइतके किंवा त्याहून जास्त आहेत, तो एच. समजा गणितातल्या पेपरना ९, ७, ५ आणि साथरोगातल्यांना ४८, २१, ५, २ सायटेशन आहेत. दोन्हीकडे एच ३. एकत्र यादी ४८, २१, ९, ७, ५, ५, २, एच ५. ना बेरीज, ना सरासरी. या ५ वरून गणितात तुम्ही कुठे आहात हे कळत नाही, साथरोगातही नाही.

कारण विषयागणिक सवयी वेगळ्या. गणितातल्या पेपरची संदर्भसूची आखूड असते आणि दाद उशिरा मिळते. वैद्यकात सूची लांब आणि सायटेशन भराभर. म्हणून प्रत्येक पेपरची तुलना त्याच विषयाच्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरच्या सरासरीशी करा. समजा गणितात सरासरी ३ आहे, तर ९ सायटेशनचं गुणोत्तर ३ येतं. साथरोगात सरासरी ४० असेल तर ४८ ला जेमतेम १.२. बलवान पेपर कोणता, हे इथे उलटंच दिसतं!

स्कोपसच्या साठ्यावर हाच हिशेब क्षेत्रभारित सायटेशन परिणाम या नावाने मिळतो. जगाची सरासरी १. पण सांभाळून : तिथे विषय सहसा जर्नलवरून ठरतो, पेपरच्या मजकुरावरून नाही. तुमचं गणिती मॉडेल वैद्यकीय जर्नलमध्ये छापलं असेल, तर त्याची गाठ वैद्यकाच्या सरासरीशी पडते आणि ते विनाकारण कमजोर दिसतं. असे पेपर अर्जात नावानिशी दाखवून द्या. शिवाय दहा-बारा पेपरवर काढलेली सरासरी एखाद्या गाजलेल्या पेपरमुळे फुगते. त्याऐवजी आपापल्या विषयात वरच्या १० टक्क्यांत किती पेपर आहेत, हे सांगणं जास्त प्रामाणिक.

प्रश्न : रिव्ह्यू पेपर (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे) आणि स्वतःच स्वतःच्या कामाला दिलेले संदर्भ वगळावेत का?

उत्तर : रिव्ह्यू वगळू नका, वेगळे दाखवा, त्यांना मूळ संशोधनापेक्षा सहसा जास्त सायटेशन मिळतात. आपलंच आधीचं काम उद्धृत करणं गैर नाही, पण स्कोपसमध्ये स्वतःचे संदर्भ गाळून एच काढता येतो. दोन्ही आकडे द्या.

प्रश्न : पाच वर्षं आणि पंचवीस वर्षं काम केलेल्या संशोधकांची तुलना?

उत्तर : एच-इंडेक्सने करू नये. सायटेशन साठत जातात, म्हणून नवं काम थांबलं तरी तो वाढू शकतो. हिर्श यांनीच एचला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागण्याची सूचना केली होती, पण मधल्या रजा किंवा खंड त्यात दिसत नाहीत. निवड समितीने उमेदवाराचे तीन-चार पेपर प्रत्यक्ष वाचावेत.