अलास्काची बोट आणि मधले चौदा महिने

प्रश्न : ताई, मी ६३ वर्षांची, यजमान ६७. ते बँकेतून निवृत्त झाले, मी शाळेत ग्रंथपाल होते. पुढच्या वर्षी लग्नाला ४० वर्षं होतील म्हणून मुलानं जूनमधलं अलास्काचं क्रूझ बुक करून दिलं. सिएटलहून निघायचं आणि जुनो, ग्लेशियर बे, केचिकन, व्हिक्टोरिया करून सात रात्रींनी परत सिएटलला यायचं. मनासारखी खोली मिळावी म्हणून चौदा महिने आधीच पैसे भरले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. हे सकाळ-संध्याकाळ त्या जहाजाचे व्हिडिओ पाहतात. जेवणाचा हॉल, जिने, आमच्या खोलीचं न्हाणीघरसुद्धा त्यांना पाठ झालंय. कुठे जाऊ या म्हटलं तर ‘आता एकदम अलास्का’ म्हणतात. सांगलीला भाचीच्या डोहाळजेवणालाही आले नाहीत, मी एकटीच गेले. मला मात्र धास्ती वाटते. एवढ्या लांबचं बोलू नये, दृष्ट लागते, असं सासूबाई म्हणायच्या. आमच्या वयात चौदा महिन्यांचं काय सांगावं? शिवाय मला एसटीतही मळमळतं. बोट लागली तर? हा मधला काळ घालवायचा कसा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी कपाटातली जुनी वही काढली. २०१८ च्या जूनमध्ये मी आणि माझी धाकटी बहीण याच मार्गानं गेलो होतो, आणि आम्हीही तेरा महिने आधी पैसे भरले होते. तेव्हा तुमच्या घरात काय चाललं असेल ते मला नीट कळतं.

आधी धास्तीचं पाहू. ती मनात असेपर्यंत दुसरं काही गोड लागत नाही. तिच्यावर मला एकच उपाय ठाऊक आहे, कागद हातात घेणं. प्रवास रद्द केला तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतात आणि उरलेली रक्कम कधी भरायची, हे मुलाकडून लिहून घ्या. प्रवास विम्याची चौकशी आत्ताच करा. अर्जात रक्तदाब, साखर, जे असेल ते खरं लिहा, म्हणजे पुढे दाव्याच्या वेळी वाद होत नाही. दोघांपैकी कुणाला मोतीबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारून तो या वर्षातच करून घ्या. माझी बहीण ‘परत आल्यावर बघू’ म्हणाली. जुनोजवळ देवमाशाची शेपटी पाण्यावर आली, सगळी बोट ओरडली, आणि तिला नुसतं काळं काहीतरी हललेलं दिसलं. त्याची हळहळ मला आजही वाटते.

व्हिसाचं मात्र जीव तोडून सांगते. तुम्हाला दोन देशांचे व्हिसा लागतील, अमेरिकेचा आणि कॅनडाचा. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशात नोंदणी झालेल्या जहाजानं अमेरिकेतल्या बंदरात प्रवासी घ्यायचे आणि मध्ये एकही परदेशी बंदर न करता त्यांना पुन्हा अमेरिकेतच उतरवायचं, हे त्या कायद्याला चालत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. म्हणून तुमची बोट शेवटी व्हिक्टोरियाला काही तास थांबते, आणि व्हिक्टोरिया कॅनडात आहे. आमच्या एजंटानं ‘बोटीतून उतरला नाहीत तर काही लागत नाही’ असं छातीठोक सांगितलं होतं. निघायच्या दोन महिने आधी बोट कंपनीचं पत्र वाचताना खरं कळलं. कॅनडाचा शिक्का बसलेले पासपोर्ट हातात आले तेव्हा नऊ दिवस उरले होते. ते दोन महिने आमच्या तेरा महिन्यांतून गळूनच गेले, कशात लक्षच लागलं नाही. तुम्ही अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख याच आठवड्यात बघायला घ्या. पासपोर्टची मुदतही पाहा. परतल्यानंतर सहा महिने तरी ती शिल्लक असावी.

आता यजमानांचे व्हिडिओ. ते बंद करायला सांगा, माझं नाव पुढे करून सांगा. बोटीत पाय ठेवल्यावर पहिले दोन दिवस वाट चुकण्यात, कुठला जिना कुठे निघतो हे शोधण्यात जी मजा असते ती त्यांची संपत चालली आहे. अभ्यास करायचाच तर बोट ज्या पाण्यातून जाणार आहे त्याचा करा. तो चौदा महिने पुरून उरेल.

आम्ही बहिणी दर गुरुवारी रात्री आठ वाजता फोनवर बसायचो, दोघींसमोर एकच नकाशा. पहिल्या गुरुवारी फक्त अक्षांश पाहिले. सिएटल साधारण ४७.६ अंशांवर आहे आणि जुनो ५८.३ वर. मधलं अंतर पावणेअकरा अंश. मुंबई १९ वर आणि कन्याकुमारी ८ च्या जरा वर, म्हणजे तेही जवळजवळ तेवढंच. मी ३४ वर्षं भूगोल शिकवला, पण स्वतः सुतळी धरून मोजलं तेव्हा अंगावर काटा आला. मुंबईहून अख्खं कोकण, गोवा, कारवार, केरळ ओलांडून भूमीच्या टोकाला जावं, तेवढं आपण उत्तरेला चढणार होतो! यजमान बँकेतले आहेत, त्यांना हेही हिशेबाला द्या : अमेरिकेनं १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला घेतलं. एकरी किती पडले ते त्यांनीच काढावं.

तुम्ही ग्रंथपाल होतात, तर तुमच्या हातची कार्डं करा. आठवड्याला एक. एका कार्डावर केचिकनचा पाऊस येऊ दे. तिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पडतो. आमच्या सिंधुदुर्गातल्या आंबोलीला त्याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत सगळा ओतून मोकळा होतो, केचिकनला बाराही महिने चालू असतो. तेव्हा छत्रीवर भिस्त नको, डोक्यावर टोपी असलेला चांगला रेनकोट घ्या. दुसऱ्या कार्डावर देवमासे. तिथले हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात पिल्लं घालतात आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी हजारो किलोमीटर पोहून अलास्काला येतात. आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, ते मात्र असे दूर जात नाहीत, वर्षभर इथंच राहतात. किती थोड्या लोकांना हे माहीत आहे!

ग्लेशियर बेसाठी एक कार्ड पुरणार नाही. तिथला बर्फ आज दिसतो तिथे नेहमी नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्याला हिमनदी पुढे सरकत आली आणि तिनं हूना ट्लिंगिट या तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती गिळली. त्यांना घरंदारं सोडून निघावं लागलं. आपल्याकडे धरणाच्या पाण्याखाली गावं गेली, त्यांचं गाव बर्फाखाली गेलं. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकूव्हरच्या लोकांनी किनारा मोजला तेव्हा तिथे उपसागर असा नव्हताच. बर्फाच्या भिंतीत आठेक किलोमीटरची खाच तेवढी होती. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर होडीतून आला तोवर बर्फ साठ किलोमीटरहून जास्त मागे हटला होता. आज बोट शंभर किलोमीटर आत जाते, आणि त्या सगळ्या पाण्यावर अडीचशे वर्षांपूर्वी बर्फ होता. हूना लोकांसाठी २०१६ मध्ये तिथे, बार्टलेट कोव्हला, पुन्हा एक सामाईक घर उभं राहिलं. ग्लेशियर बे आता राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे रेंजर, म्हणजे रक्षक, बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. हे सगळं आधी वाचून गेलात तर त्यांना चार प्रश्न विचाराल.

एकच गोष्ट मुद्दाम आधी पाहू नका, तिथल्याच मार्जरी हिमनदीचा कडा कोसळतानाची चित्रफीत. आम्ही ते ठरवून टाळलं होतं. तिथे बोटीचा वेग अगदी मंदावतो आणि सगळे कठड्याला येऊन गप्प उभे राहतात. निळसर भिंतीचा एक तुकडा सुटतो, पाण्यात पडतो, आणि आवाज येतच नाही. मग येतो. वीज चमकल्यावर आपण आकडे मोजतो तसे मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. माझे चार झाले होते.

बोट लागण्याचं : त्या मार्गाचा बराचसा भाग बेटांच्या आडोशानं जातो, तिथे पाणी तळ्यासारखं असतं. सिएटलहून निघणाऱ्या बोटींना मात्र थोडा उघडा समुद्र लागतो, बहुधा पहिल्या-दुसऱ्या दिवशी. खोली बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर असेल तर हेलकावे कमी जाणवतात. अजून बदलता येते का ते मुलाला विचारायला सांगा. गोळी कोणती हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण ती मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. बाहेर येऊन क्षितिजाकडे नजर लावायची, पोट रिकामं ठेवायचं नाही, आल्याच्या वड्या जवळ ठेवायच्या. आणि रंगीत तालीम करा. दिवाळीनंतर मुंबईला या, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट धरा. तासाभराचा प्रवास आहे. तुमचं पोट काय म्हणतं ते कळेल आणि मांडव्याहून अलिबागही होईल.

या तालमीला यजमान ‘आता एकदम अलास्का’ म्हणतील. तिथे मला त्यांच्याशी वाद घालायचा आहे.

माझं लहानपण वेंगुर्ल्याचं. वडील मुंबईला छापखान्यात होते. तेव्हा कोकणची बोट होती आणि पावसाळ्यात ती बंद व्हायची. मेअखेरीस वडील पडावात बसून बोटीवर गेले की समुद्र पुन्हा खुला होईपर्यंत आम्हाला त्यांची फक्त पत्रं. त्या महिन्यांत माझ्या आजीनं हात आखडून बसलेलं मला आठवत नाही. आमसुलं उन्हात वाळवून डब्यात गेलेली असायची, मग कुळीथ भाजून पीठ, मग सांडगी मिरच्या. प्रत्येक पुडीवर मी पेन्सिलीनं नाव घालायचे. पण त्याच महिन्यांत शेजारचं लग्न व्हायचं, नागपंचमी व्हायची, कुणाच्या घरी मूल जन्मायचं, आणि आजी सगळीकडे असायची. वडील आले की तिच्याजवळ सांगायला चार महिन्यांच्या गोष्टी असत. वडील जेवताना त्या ऐकायचे आणि मध्येच ताटावरचा हात थांबायचा त्यांचा.

भाचीचं डोहाळजेवण होऊन गेलं. बारसं राहिलंय. यजमानांना घेऊन जा.

---

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या बोटीवर जाणार आहोत. मुलगी नऊ वर्षांची आहे. रोज उठल्या-उठल्या ‘किती दिवस राहिले?’ विचारते. सहा महिने असेच काढायचे का? — एक आई, दादर

उत्तर : तुम्ही दादरला राहता आणि चौपाटी चालण्याच्या अंतरावर आहे, मग काळजी कसली! तिला एक वही द्या आणि कोळीवाड्यातला जुना हिशेब शिकवा. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. तिनं सकाळी कॅलेंडरवरची तिथी बघून आकडा काढावा आणि संध्याकाळी वाळूवर जाऊन तो पडताळावा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा येते, हे तिला पंधरा दिवसांत आपोआप सुचेल. तुम्ही आधी सांगू नका. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचं भांग, म्हणजे पाणी कमीत कमी चढतं-उतरतं ते दिवस, दोन्ही तिनं डोळ्यांनी पाहावं. पाणी कुठवर आलं ते पायऱ्या मोजून लिहावं. पावसात उधाणाच्या वेळी मात्र लांबूनच.

पाऊस सरला की गच्चीवर न्या. हात सरळ लांबवून मूठ धरली की आकाशात साधारण दहा अंश झाकले जातात. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत ध्रुवतारा किती वर आहे ते तिला मोजू द्या. मुंबईत दोन मुठींना थोडा कमी येईल, कारण मुंबई १९ अंशांवर आहे. हे वहीत तारखेसकट लिहायचं. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सव्वा अंशावर आहे. बोटीवरच्या पहिल्या रात्री तिला उत्तरेच्या कठड्याशी उभी करा, मुठी धरायला सांगा, आणि तारा कुठे गेला ते तिलाच सांगू द्या.