वाचकांचे प्रश्न : युद्धानंतरची मदत आणि कर्ज

प्रश्न : युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशाला परदेशी मदत खरोखर सावरते, की ती कर्ज होऊन त्याच्याच मानगुटीवर बसते? (एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : मदत कोणत्या स्वरूपात येते, यावर ते ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मार्शल योजनेखाली अमेरिकेने १९४८ ते १९५२ या काळात पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर दिले आणि त्यांतील बहुतांश रक्कम अनुदान होती. मात्र या मदतीतून आलेला अमेरिकेचा कापूस जर्मन गिरणीमालकाला फुकट मिळत नसे. त्याची किंमत तो मार्कमध्ये भरी, ती वेगळ्या खात्यात जमा होई आणि तिथून वीज, कोळसा, घरबांधणी यांसाठी कर्जाऊ दिली जाई. एकाच डॉलरकडून दोनदा काम करून घेणारी ही रचना मला त्या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

जर्मनीवरच्या जुन्या कर्जाचा प्रश्न धनको देशांबरोबरच्या २७ फेब्रुवारी १९५३ च्या लंडन कराराने सुटला. पश्चिम जर्मनीचे जवळपास निम्मे देणे माफ झाले आणि उरलेल्याचे हप्ते निर्यातीच्या कमाईतून झेपतील असे बांधले गेले. महापुरात ऊस गेलेल्या शेतकऱ्याकडे आपल्या मार्केट यार्डातील जाणता अडत्या पुढचे गुऱ्हाळ लागेपर्यंत तगादा लावत नाही, कारण गूळ आला तरच उचल वळती होणार. हिशेब तोच होता. मात्र जर्मनीने व्यापलेल्या देशांची युद्धभरपाई याच करारात पुढे ढकलली गेली, आणि तो अन्याय मला आजही बोचतो. पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणापर्यंत थांबवलेल्या जुन्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला.