आरसी बुकात एक इंजिन, गाडीत दुसरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. घाटकोपरला माझा मंडप आणि रोषणाईचा व्यवसाय आहे. इतकी वर्षे बांबू, कापड, दिव्यांच्या माळा असे सगळे सामान भाड्याच्या टेम्पोने न्यावे लागत असे, म्हणून गेल्या महिन्यात एका दलालामार्फत सातारा पासिंगचा, वापरलेला टाटा ४०७ विकत घेतला. गाडी भारत स्टेज ३ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) ची आहे. पैसे पूर्ण दिले आहेत आणि मूळ मालकाने मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ व ३० वर सह्याही करून दिल्या आहेत. मात्र गाडी अजून माझ्या नावावर चढलेली नाही. पहिल्याच सर्व्हिसिंगला आमच्या मिस्त्रींनी इंजिन पाहिले आणि म्हणाले, ‘शेठ, याला टर्बो आहे. या मॉडेलला टर्बो येतच नाही.’ डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ब्लॉक पुसला, तर नंबराची सुरुवात ‘४९७ टीसी’ अशी निघाली. आरसी बुकात मात्र ‘४९७ एसपी’ने सुरू होणारा वेगळाच नंबर आहे. सिलिंडर चार आणि क्षमता २९५६ सीसी, हे दोन्ही आकडे मात्र जुळतात. दलाल म्हणतो, ‘जास्त ताकदीचे इंजिन त्याच पैशांत मिळाले, आणखी काय हवे?’ गाडी चढाला खरोखरच छान ओढते. गणपती तोंडावर आले आहेत. गाडी आत्ता वापरावी का, आणि कागदांचे काय करावे? – एक वाचक, घाटकोपर

उत्तर : आपल्या मिस्त्रींनी फडके मारून नंबर वाचला, हे फार चांगले केले. जुनी गाडी घेताना टायर, पाटे आणि बॉडी सगळे तपासतात, पण तेलाच्या थराखालचा इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहणारे थोडे असतात. आणि खरे तर पैसे देण्याआधी करायची पहिली तपासणी तीच असते.

आकडे जुळूनही इंजिन वेगळे कसे, हे आधी पाहू. ‘४९७’ या नावातच त्याचे उत्तर आहे. पहिला ४ हा सिलिंडरांचा आणि ९७ हा सिलिंडरच्या बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, मिलिमीटरमधला आकडा आहे. म्हणूनच याच बोअरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला ६९७ म्हणतात. ९७ मिलिमीटरचा बोअर आणि १०० मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, असे चार सिलिंडर धरले, की क्षमता २९५६ सीसी येते, मग त्याला टर्बो असो वा नसो. टर्बो सिलिंडरचा आकार वाढवत नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर त्याचे चाक फिरते आणि ते बाहेरची हवा दाबून आत ढकलते, त्यामुळे त्याच सिलिंडरमध्ये जास्त डिझेल पूर्णपणे जळते आणि ताकद वाढते. आपल्याला चढावर जो फरक जाणवला, तो हाच. टीसी, म्हणजे टर्बोचे, इंजिन सहसा टाटा ७०९ सारख्या मोठ्या गाडीत येते, तेव्हा हे इंजिन अशाच एखाद्या गाडीतून काढलेले असावे. मूळ इंजिन सीझ (जाम) झाले किंवा बोअर पुन्हा घेण्यापलीकडे गेले, की नव्या कामाचा खर्च टाळण्यासाठी कुर्ल्याच्या बाजारातून जुने इंजिन आणून बसवणारे मालक मी पाहिले आहेत. कित्येकदा फक्त हाफ इंजिन, म्हणजे वरचे हेड सोडून खालचा ब्लॉक, बदलतात. पण नंबर ब्लॉकवर असल्यामुळे हेड जुनेच राहिले, तरी कायद्याच्या दृष्टीने इंजिन बदललेलेच असते.

दलालाच्या म्हणण्यात एवढेच तथ्य आहे, की इंजिन म्हणून ते वाईट नाही. पण आपण विकत घेतले ते इंजिन नव्हे, आरसी बुकात वर्णन केलेली गाडी घेतली आहे, आणि ती गाडी आपल्याला मिळालेली नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी व आरसी बुकात नोंद लागते. विनापरवाना बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. मला दंडापेक्षा विम्याची चिंता जास्त वाटते. अपघात झाला, की विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन व चासी नंबरांची पेन्सिल-छाप घेतो, आणि ती छाप पॉलिसीवरच्या नंबराशी जुळली नाही, तर दावा तिथेच अडकतो. आपल्या गाडीत मागे बांबूंवर चार-पाच माणसे बसून जात असतील (मंडपाच्या कामात हे सर्रास होते, पण ते होता कामा नये), तर दावा अडकण्याचा अर्थ किती भयंकर होतो, हे मी वेगळे सांगायला नको.

याहून गंभीर प्रश्न इंजिन कुठून आले, हा आहे. मूळ मालकाकडे दोन कागद मागावेत : इंजिन घेतल्याचे बिल, आणि ते ज्या गाडीतून निघाले त्या गाडीची नोंदणी कलम ५५ प्रमाणे रद्द झाल्याचा दाखला. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेत इंजिन नंबर टाकून तो चोरीच्या गाडीचा म्हणून नोंदलेला आहे का, हे नागरिकांना पाहता येते. तिथे नोंद आढळली, किंवा ब्लॉकवरचे अंक घासून पुन्हा ठोकल्यासारखे, एकमेकांपासून कमी-जास्त अंतरावर दिसले, तर गाडीला आणखी हात न लावता सरळ पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. कोणी ‘नंबर पंच करून देतो’ म्हणाला, तर त्याला गाडीजवळही येऊ देऊ नये. आज जी दुसऱ्याची चूक आहे, ती त्या क्षणी आपला गुन्हा होते.

आता नाव चढवण्याविषयी, आणि इथे मी आग्रहाने सांगतो : घाई करू नका. आरसी बुकात आज नाव मूळ मालकाचे आहे, त्यामुळे बदलाचा खुलासा आणि अर्ज त्यानेच सातारा आरटीओकडे करायचा आहे. तिथले ना हरकत प्रमाणपत्र घेऊन आपण वडाळा आरटीओत गाडी एकदा स्वतःच्या नावावर केलीत, की तोच प्रश्न आपल्याला विचारला जाईल, आणि उत्तर आपल्याकडे नसेल. हस्तांतराची माहिती खरेदीदाराने ३० दिवसांत द्यायची असते, म्हणून हा वाद लेखी स्वरूपात आजच नोंदवून ठेवणे गरजेचे आहे.

टीसी इंजिनालाच मंजुरी मिळेल, अशी आशा मात्र मी आपल्याला देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना मनाई केली आहे, आणि एसपी, म्हणजे बिनटर्बोच्या, इंजिनावर मान्यता मिळालेल्या मॉडेलमध्ये टर्बोचे इंजिन हा तपशिलाबाहेरचाच बदल ठरण्याची शक्यता मोठी आहे. त्याच मेकचे, त्याच प्रकारचे एसपी इंजिन रीतसर बिलाने आणून, परवानगी घेऊन बसवणे आणि त्याचा नंबर आरसी बुकात चढवणे हा सरळ मार्ग आहे, आणि त्याचा खर्च विक्रेत्याचा आहे.

मी आपल्या जागी असतो, तर गाडी परतच केली असती. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, आणि आरसी बुक हेच गाडीचे वर्णन. फक्त माल नाकारायचा तर तो वाजवी मुदतीत नाकारावा लागतो. महिनाभर गाडी वापरत राहिलात, तर आपण ती स्वीकारली असे विक्रेता म्हणू शकेल. मूळ मालक व दलाल दोघांनाही स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. पत्रात आरसी बुकातला नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एकाखाली एक लिहा. पातळ कागद ब्लॉकवर धरून त्यावर पेन्सिल आडवी घासलीत, की अंक पांढरे उमटतात. अशा दोन छापा घेऊन एक पत्राला जोडा, एक स्वतःजवळ ठेवा. आपल्या मिस्त्रींकडून तारखेसह लेखी निवेदनही घ्या.

विक्रेता इंजिन बदलून द्यायला तयार झाला, तर मिस्त्रींना क्लच प्लेट, गिअर बॉक्स आणि रेडिएटर तपासायला सांगा, कारण हे सगळे कमी ताकदीच्या इंजिनासाठी बसवलेले भाग इतके दिवस जास्त ओढ सोसत आले आहेत. डिझेल पंपही पाहावा. टर्बोचा पंप एसपी इंजिनावर तसाच राहिला, तर डिझेल जास्त जाऊन काळा धूर निघेल आणि पीयूसी मिळणार नाही.

गणपतीच्या कामाला ही गाडी बाहेर काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. हा हंगाम आपल्यासाठी वर्षाच्या कमाईचा असतो, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही या दिवसांपुरता पूर्वीप्रमाणे भाड्याचा टेम्पो घ्यावा आणि प्रत्येक फेरीची पावती तारखेसह जपून ठेवावी, म्हणजे विक्रेत्याशी हिशेब करताना तो खर्चही त्याच्यापुढे मांडता येईल.