घरीच राहण्याचा आदेश आला तर ज्येष्ठांनी बाहेर पडावे का?

एका वाचक भगिनींनी कळवले आहे की, २०२० च्या टाळेबंदीत त्यांचे सासरे त्यांच्याकडे परदेशात मुक्कामाला होते आणि कुटुंबाने त्यांना सात आठवडे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही. सोफ्यापासून खिडकीपर्यंत अकरा पावले आणि परत अकरा, असे ते मोजत असत. पुढे पुढे मोजणेही थांबले. संसर्ग टळला, पण पायांतली गेलेली ताकद पुरती परत आली नाही. पुन्हा असा आदेश निघाला तर घराने कसे वागावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुम्ही काळजीपोटीच तसे वागलात, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. मात्र त्या वेळी अनेक देशांच्या आदेशांत प्रत्यक्षात काय लिहिले होते, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये २३ मार्च २०२० रोजी घोषणा झाली, तेव्हाही दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा होती. फ्रान्समध्ये स्वतः भरलेले प्रमाणपत्र जवळ ठेवून घरापासून एक किलोमीटरच्या आत तासभर फिरता येत असे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये मेलबर्नमध्ये रात्रीची संचारबंदी असतानाही दिवसा पाच किलोमीटरच्या आत व्यायामाला परवानगी होती. आयर्लंडने सत्तरीपुढच्यांना सुरुवातीला पूर्णपणे घरात राहण्यास सांगितले खरे, परंतु ५ मे २०२० पासून त्यांनाही फिरण्यासाठी बाहेर पडू दिले. म्हणजे ज्येष्ठांनी हिंडतेफिरते राहिले पाहिजे, हे नियम करणाऱ्यांनाही पटलेले होते. अनेक घरांतली बंदी सरकारी बंदीपेक्षा कडक होती, आणि माझ्या मते चूक झाली ती तेथेच.

लोकांच्या वावरावर अशा आदेशांचा परिणाम किती झाला, याचा अभ्यास मोबाइल फोनवरून मिळालेल्या माहितीच्या आधारे झाला आहे. शिकागो विद्यापीठातील ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एकाच परिसरातील, पण वेगवेगळे नियम लागू असलेल्या सीमेलगतच्या भागांची तुलना केली. दुकाने व इतर व्यवसायांकडे होणारी ग्राहकांची ये-जा ६० टक्क्यांनी घटली होती. त्या ६० अंकांपैकी जेमतेम ७ अंकांची घट कायदेशीर निर्बंधांमुळे झाली, असे त्यांना आढळले. उरलेली बहुतांश घट लोकांनी आपणहून केली होती, आणि आदेश निघण्याआधीच तिची सुरुवात झाली होती. आजूबाजूला रुग्ण आणि मृत्यू वाढताना दिसले की माणसे कोणी न सांगताही आवरती होतात. भीती ओसरली की आदेश लागू असतानाच पुन्हा बाहेर पडू लागतात.

त्या काळात गूगलने प्रसिद्ध केलेल्या वावराच्या अहवालांतील ‘घरातील वेळ’ नेहमीपेक्षा किती टक्के वाढला हा आकडा मात्र जपून वाचावा. जो माणूस एरवीही चौदा तास घरात असतो, तो चोवीस तास घरात राहिला तरी वाढ सुमारे ७० टक्क्यांच्या पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे तेथे वीस टक्के वाढ दिसली तरी ती पुष्कळ मोठी असते.

तुमच्या घरापुरता याचा अर्थ असा की, आदेश ही बाहेरची चौकट आहे आणि तिच्या आत कोणी, केव्हा, कशासाठी बाहेर पडायचे हे घरानेच शांतपणे ठरवायचे असते. ते ठरवताना घराबाहेर पडणे आणि माणसांत मिसळणे या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, कारण श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात धोका वाढतो तो बंद खोलीतल्या दीर्घ सहवासाने. पहाटे निर्जन रस्त्यावर अर्धा तास चालणाऱ्या वृद्धाला जेवढी भीती आहे, त्याहून कितीतरी अधिक भीती खिडक्या लावून भरवलेल्या छोट्याशा घरगुती बैठकीत आहे.

घरातले कोणी रुग्णालयात, गोदामात किंवा गाडी चालवण्याच्या कामावर असेल, तर त्या व्यक्तीला घरी बसण्याची निवडच नसते. तिच्यावर चिडू नये. तिची झोपण्याची खोली वेगळी करावी, घरात हवा खेळती ठेवावी आणि वडीलधाऱ्यांसोबत तिचे जेवण काही काळ टाळावे. आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर घरीच राहण्याचा आदेश तुम्हाला तेथे बांधून ठेवत नाही. इंग्लंडच्या नियमांत इजेच्या धोक्यापासून सुटका करून घेण्यासाठी बाहेर पडणे हे स्पष्टपणे वैध कारण मानले होते. आपल्या देशातील मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येकाला ठाऊक असावा.

मुक्कामाला आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत परतीच्या तारखेवर विसंबू नये. भारताने मार्च २०२० मध्ये थांबवलेली नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मधल्या काळात फक्त विशेष आणि मर्यादित उड्डाणे होती. म्हणून मुक्कामापेक्षा जास्त दिवसांची औषधे, वाढवता येणारा विमा आणि व्हिसाची मुदत यांची चौकशी ते येण्यापूर्वीच करावी.

सासऱ्यांसाठी मात्र पुढच्या आदेशाची वाट पाहू नका. फिजिओथेरपिस्टकडून त्यांच्या पायांची तपासणी करून घ्या आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे व्यायाम शिकून घ्या. घराजवळचा एखादा सपाट, कमी वर्दळीचा रस्ताही आताच हेरून ठेवा आणि त्यांच्यासोबत तेथे रोज थोडे चालायला सुरुवात करा.