ओलांडे वाळत चाललेली जुनी द्राक्षबाग छाटणीने नवी करता येते का?

पंधरा वर्षांच्या थॉमसन जातीच्या द्राक्षवेलींचे ओलांडे, म्हणजे खोडापासून तारेवर दोन्ही बाजूंना आडव्या नेलेल्या कायमच्या फांद्या, एकेक करून वाळतायत, बाग काढावी की छाटणीवर भागेल, असं तुम्ही विचारलंय. आमच्या निफाड भागात अशा बागा पुष्कळ आहेत. काढायची घाई करू नका. मुळं धडधाकट असतील तर वरचं लाकूड नवं करता येतं.

आधी वाळलेला ओलांडा करवतीने आडवा कापा आणि काप नीट पाहा. पांढुरक्या लाकडात तपकिरी पाचर दिसली, तर जुन्या छाटणीच्या जखमेतून बुरशी आत शिरली आहे. मग डाग संपेपर्यंत मागे मागे कापत यायचं, आणि स्वच्छ लाकूड लागल्यावरही आणखी वीतभर मागे. इथेच हात आखडतो, कारण वर्षानुवर्षं वाढवलेला ओलांडा जातो. पण डाग ठेवून घेतलेली नवी फूट पुढे मरतेच. भुसा आणि भोकं दिसली तर तो खोडकिडा. तेवढा भागही कापून टाका.

डाग खोडात उतरला असेल तर खोडच खाली कापून नवी फूट घ्यावी लागते, पण कलमाच्या जोडाच्या वरची. जोडाखालून येणारी जोमदार फूट डॉगरिजची, म्हणजे ज्या खुंटावर थॉमसनचं कलम केलंय त्याची असते, तिला थॉमसन लागणार नाही. डाग जोडापर्यंत पोचलेली वेल मात्र काढाच.

हे काम एप्रिलच्या खरड छाटणीत, म्हणजे माल निघाल्यावरच्या छाटणीत करा, कोरड्या दिवशी. जखमेवर लगेच बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. दोन्ही ओलांडे खराब असले तरी एका वर्षी एकच बदला, म्हणजे वेलीवर पानं राहतात आणि थोडा माल मिळतो. नवी फूट तारेवर सरळ बांधून टप्प्याटप्प्याने शेंडा मारत न्या. एका दमात पळवली तर मधले डोळे फुटत नाहीत आणि ओलांडा उघडा पडतो.

कापलेलं रोगट लाकूड बागेत कुट्टी करून पसरू नका, बाहेर नेऊन जाळा.

सूत्रकृमी (मुळांत शिरणाऱ्या बारीक अळ्या) किंवा खारं पाणी हे दुखणं असेल तर छाटणीने काही होणार नाही. आधी मुळं उकरून गाठी पाहा, पाणी तपासून घ्या. आणि आता माल वेलीवर असतानाच कमजोर वेलींना रंगीत फीत बांधा. खरड छाटणीनंतर सगळ्या वेली सारख्याच दिसतात.