विंडोज ९८ च्या जुन्या पीसीवर सोळाच रंग दिसतात. फॉरमॅट न मारता डिस्प्ले ड्रायव्हर कसा बसवायचा?

फॉरमॅट मारू नका. दुरुस्तीवाल्याला चहा पाजा आणि पेटी घरी परत आणा.

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा पेंटियम एमएमएक्स माळ्यावरून काढलात, विंडोज ९८ सेकंड एडिशन सुरू झालं, पण पडदा ६४० × ४८० आणि १६ रंगांवर अडकलाय. ड्रायव्हरची सीडी सापडत नाही. डिस्कवर वडिलांचं श्रीलिपीत टाइप केलेलं लिखाण आहे. एलसीडी मॉनिटर लावता येईल का आणि गेम चालतील का, हेही विचारलंत. आणि दुरुस्तीवाला म्हणतो, ‘फॉरमॅट मारून विंडोज परत टाकू, सगळं ठीक होईल.’ हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

पडद्यावर चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड ओळखता आलं नाही की विंडोज ९८ त्याच्या खऱ्या ड्रायव्हरच्या, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, जागी ‘स्टँडर्ड पीसीआय ग्राफिक्स अडॅप्टर’ नावाचा ड्रायव्हर लावून मोकळं होतं. १९८७ सालच्या व्हीजीए या मूळ डिस्प्ले मानकाला जेवढं येत होतं तेवढंच याला येतं, आणि म्हणूनच तो जवळपास कुठल्याही कार्डावर चालतो. म्हणजे तुमचं विंडोज धडधाकट आहे, फक्त त्याला कार्डाचं नाव माहीत नाही. आता फॉरमॅट मारून त्याच सीडीवरून तेच विंडोज टाकलं, तर त्याला ते नाव कुठून कळणार? तीन तास जातात, लिखाण जातं आणि पुन्हा सोळाच रंग. फॉरमॅटनंतर रंग आले, तर त्या चिपचा ड्रायव्हर विंडोजच्या सीडीवर आधीपासूनच होता असं समजा. मग तो पाच मिनिटांत तसाही बसला असता.

डिस्कची नक्कल मात्र सगळ्यात आधी. आयडीई (जुन्या रुंद पट्टी-केबलची) डिस्क काढा, तिच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी, म्हणजे जंपर, मास्टरवर ठेवा, यूएसबीवर चालणाऱ्या आयडीई कन्व्हर्टरला जोडा आणि आजच्या संगणकावर सगळं उतरवून घ्या. फॅट३२ ही तिची फाइल-पद्धत आजही सहज वाचता येते. नव्या संगणकाने ‘डिस्क तपासून दुरुस्त करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर अजिबात विसरू नका. त्या काळचं श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरांचे आजचे ठरलेले संकेत, वापरत नसे; सगळं त्याच्या फॉन्टवर अवलंबून. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर वडिलांचं मराठी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर येईल. लोक फाइली जपतात आणि फॉन्ट घालवून बसतात.

आता कार्ड ओळखणं. खोक्यावरचं नाव, दुकानाचं स्टिकर, बिलावरचं ‘२ एमबी एजीपी’, यातलं काहीही उपयोगाचं नाही. ड्रायव्हर चिपचा असतो, कंपनीचा नाही. अवॉर्ड बायोसच्या (बायोस म्हणजे पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) बहुतेक मदरबोर्डांवर विंडोज सुरू होण्याच्या अगदी आधी पीसीआय (कार्डं जोडायचा मार्ग) उपकरणांचा तक्ता क्षणभर दिसतो. तो आला की कीबोर्डवरचं पॉझ दाबा. ‘डिस्प्ले कंट्रोलर’ लिहिलेल्या ओळीतले दोन आकडे, व्हेंडर आयडी आणि डिव्हाइस आयडी, कागदावर उतरवा. व्हेंडर ५३३३ म्हणजे एस३, १०२३ म्हणजे ट्रायडेंट, १०१३ म्हणजे सिरस लॉजिक, १०३९ म्हणजे सिस, १००२ म्हणजे एटीआय. एस३ असेल तर पुढचा आकडा बघा. ८८११ म्हणजे ट्रायो३२ किंवा ६४ चं घराणं, ५६३१ म्हणजे मूळ व्हर्ज, ८ए०१ म्हणजे व्हर्ज डीएक्स किंवा जीएक्स. सिसचं ६३२६ आपल्याकडे भरपूर विकलं गेलं.

तक्ता दिसत नसेल तर डॉस प्रॉम्प्टवर ‘डीबग’ द्या, पुढे ‘डी सी०००:०’. कार्डाच्या बायोसमधली अक्षरं उजव्या बाजूला दिसतात. नुसतं ‘डी’ दोन-तीनदा दाबलं की चिपचं नाव बहुतेक सापडतं. ‘क्यू’ दाबून बाहेर या. तेही नको असेल तर पेटी उघडून चिपवरचा क्रमांक वाचा. ८६सी७६५ म्हणजे ट्रायो६४व्ही+, ८६सी३२५ म्हणजे व्हर्ज, ८६सी३७५ म्हणजे व्हर्ज डीएक्स.

चिप कळली की त्या चिपचा विंडोज ९५ किंवा ९८ चा ड्रायव्हर शोधा. विंडोज ३.१ चा किंवा एनटीचा चालणार नाही. झिप उघडल्यावर आत आयएनएफ फाइल असते, ड्रायव्हर कुठल्या चिपचा आणि कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि तुमचे दोन्ही आकडे त्यात एकाच ओळीत आहेत का ते शोधा. नसतील तर तो ड्रायव्हर तुमचा नाही, मग संकेतस्थळाने काहीही दावा करू दे. विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह आपणहून ओळखता येत नाही. त्यामुळे डिस्क बाहेर काढलेलीच आहे तोवर ड्रायव्हर तिच्यावर ठेवून द्या. सी ड्राइव्हवर आठ अक्षरांच्या आत नाव असलेलं फोल्डर करा. विंडोजच्या सीडीवरचं विन९८ फोल्डरही सी वर टाका, कारण ड्रायव्हर बसवताना विंडोज सीडी मागतं आणि जुन्या सीडी ड्राइव्हची लेन्स नेमकी तेव्हाच रुसते.

बसवण्याचा क्रम असा. पीसी सुरू होताना कंट्रोल दाबून धरा, मेन्यूतून ३ नंबरचा सेफ मोड घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ आणि ‘मॉनिटर्स’ खाली जे जे असेल ते सगळं रिमूव्ह करा. आधी कधी बदललेल्या कार्डांची भुतं फक्त सेफ मोडमध्येच दिसतात, आणि दोन नोंदी एकमेकींच्या पायात पाय घालतात. मग नेहमीसारखं रीस्टार्ट करा. नवीन हार्डवेअर सापडल्याची खिडकी आली की ‘सगळ्या ड्रायव्हरची यादी दाखव’ हा पर्याय निवडा, ‘हॅव डिस्क’ दाबा आणि तुमच्या फोल्डरातली आयएनएफ दाखवा. विंडोजला स्वतःहून शोधू दिलंत तर ते पुन्हा त्याच स्टँडर्ड ड्रायव्हरवर जाऊन बसतं. खिडकी आलीच नाही तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, अडॅप्टर, चेंज. पुढचं तेच.

पहिल्यांदा ६४० × ४८० आणि २५६ रंगांवरच सुरू करा. ते नीट दिसलं की मग वर चढा. थेट १०२४ × ७६८ वर उडी मारणारे लोकच मग ‘स्क्रीन काळी झाली’ म्हणून फॉरमॅट मारतात.

कुठवर चढता येईल ते कार्डावरच्या मेमरीवर ठरतं. ८०० × ६०० ला १६ बिट रंग हवे असतील तर ९,६०,००० बाइट लागतात, १ एमबीत म्हणजे १०,४८,५७६ बाइटमध्ये ते बसतात. १०२४ × ७६८ ला १६ बिट रंगांना १५,७२,८६४ लागतात, म्हणजे २ एमबी हवी. त्याच आकाराला २४ बिट घेतले तर २३,५९,२९६, ते २ एमबीतही मावत नाहीत. यादीत एखादा पर्याय दिसत नसेल तर ड्रायव्हरला शिव्या देण्याआधी हा गुणाकार करून बघा.

मेमरीवरून एक प्रकरण सांगायलाच हवं. एक ट्रायो६४व्ही+ कार्ड होतं, १ एमबी सोल्डर केलेली आणि १ एमबी सॉकेटात घातलेली. सुरू होतानाची अक्षरं नीट, १६ रंग नीट, ड्रायव्हर बसला की पडदाभर रंगीत उभ्या पट्ट्या. त्या पीसीवर तीनदा फॉरमॅट मारून झाला होता, वेगवेगळ्या सीड्यांवरून. प्रत्येक वेळी विंडोज कार्ड बरोबर ओळखायचं, प्रत्येक वेळी पट्ट्या यायच्या, आणि प्रत्येक वेळी निदान एकच, ‘विंडोज करप्ट आहे’. पण पट्ट्या ठरावीक अंतरावर होत्या, चार पिक्सेल बरे आणि चार बिघडलेले. विंडोज करप्ट झालं तर असं मोजूनमापून होत नाही. हे कार्ड १ एमबीवर ३२ बिटांनी मेमरी वाचतं आणि २ एमबी असली की ६४ बिटांनी. २५६ रंगांत एक पिक्सेल म्हणजे एक बाइट. आठ बाइटांपैकी चार सोल्डरच्या चिपांतून आणि चार सॉकेटातल्या चिपांतून येत असतील, तर चाराआड चार बिघडणार. सॉकेटातल्या दोन्ही चिपा काढून ठेवल्या आणि पडदा आरशासारखा स्वच्छ झाला. पिनांवर कोकणातल्या दमटपणाने हिरवट थर आला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवल्यावर पूर्ण २ एमबी चालली. त्या चिपा काढताना स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकू नका, सॉकेटाचा कोपरा तुटतो. चिपवरचा ठिपका सॉकेटावरच्या खुणेशी जुळवूनच बसवा. आणि कार्डाच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायची आपल्याकडची सवय मला पसंत नाही. मुलामा आधीच पातळ असतो, त्यात रबराची भुकटी स्लॉटमध्ये जाते.

ड्रायव्हर चुकला आणि पडदा काळा झाला तर? रीसेट, कंट्रोल, सेफ मोड, रिमूव्ह. सेफ मोड साध्या व्हीजीएवर चालतो, त्यामुळे तो दिसतोच. तिथेही गाडी अडली तर त्याच मेन्यूतून ५ नंबरचा कमांड प्रॉम्प्ट घ्या, ‘स्कॅनरेग’ लिहा आणि जागा सोडून ‘/रिस्टोअर’. विंडोज ९८ रजिस्ट्रीच्या, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या नोंदवहीच्या, शेवटच्या पाच नकला स्वतःच ठेवतं. कालची निवडा, दोन मिनिटांत कालचं विंडोज परत. हा हुकूम ज्याला माहीत नाही त्याने विंडोज ९८ दुरुस्त करायचे पैसे घेऊ नयेत.

रंग आले पण माउसचा बाण मागे ठिपके सोडत जातोय, असं झालं तर अॅडव्हान्स्डमधल्या परफॉर्मन्स टॅबवर हार्डवेअर अॅक्सिलरेशनची पट्टी एक घर डावीकडे सरकवा. पहिलं घर फक्त बाणाचंच असतं, वेग फारसा जात नाही.

जुनाच चौदा इंची मॉनिटर लावणार असाल तर मॉनिटरचा प्रकार हाताने निवडा, स्टँडर्ड मॉनिटरच्या यादीतून सुपर व्हीजीए ८०० × ६००. या मॉनिटरांची आडवी वारंवारता (सेकंदाला किती आडव्या ओळी आखता येतात ती) बहुधा ३० ते ५० किलोहर्ट्झ असते, पण मागचं लेबल वाचून खात्री करा. ८०० × ६०० ला ७५ हर्ट्झ म्हणजे ४६.९ किलोहर्ट्झ, चालेल. १०२४ × ७६८ ला ६० हर्ट्झ म्हणजे ४८.४, काठावर. त्यालाच ७५ हर्ट्झ दिले तर ६० किलोहर्ट्झ होतात. मग बारीक शिटी ऐकू येते, चित्र तिरकं फाटतं, आणि तसंच चालू ठेवलं तर एलओटी (मॉनिटरमधला उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर) किंवा होरिझोंटल ट्रान्झिस्टर जातो. शिटी आली की मेन स्विच बंद, विचार नंतर. मॉनिटर मात्र स्वतः उघडू नका, पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही काही हजार व्होल्ट साठलेले असू शकतात.

एलसीडीचं विचारलंत. पंधरा पिनांची व्हीजीए केबल घेणारा कुठलाही चालतो. ९ क्रमांकाची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, ती तुटली असं समजून केबल फेकू नका. १२ आणि १५ मात्र शाबूत हव्यात, मॉनिटर आपली ओळख त्यांच्यावरूनच सांगतो. रुंद पडद्यावर चित्र ताणलेलं दिसेल, कारण १३६६ × ७६८ ही भानगड या कार्डांना माहीत नाही. १०२४ × ७६८ चा जुना चौकोनी एलसीडी मिळाला तर तोच घ्या. गेमचं म्हणाल तर चिप कळल्याशिवाय काय बोलणार? व्हर्ज निघालं तर त्रिमितीची हौस सोडून द्या, डॉसचे गेम मात्र मजेत चालतील.

हे सगळं पीसीआय कार्ड धरून लिहिलंय, एमएमएक्स म्हणालात म्हणून. व्हीआयए कंपनीच्या चिपसेटच्या बोर्डावर एजीपी, म्हणजे ग्राफिक्ससाठीच्या वेगळ्या स्लॉटातलं, कार्ड निघालं तर आधी चिपसेटचा एजीपी ड्रायव्हर आणि मग कार्डाचा, क्रम उलटला की पीसी मध्येच गोठतो. मदरबोर्डावरच व्हिडिओ असेल, म्हणजे व्हेंडर १०३९ आणि डिव्हाइस ६३०६, तर तो सिस ५३० किंवा ६२० आहे. ड्रायव्हर त्या नावाने शोधा, आणि त्याची मेमरी मुख्य रॅममधून किती द्यायची ते बायोसमध्ये ठरतं. तक्त्यातले दोन आकडे इथे लिहिलेत तर कुठला ड्रायव्हर घ्यायचा ते नक्की सांगता येईल.