पैसे कुठे अडकले, ते आधी शोध

प्रिय सहकारी,

आता आपले सरकार सेवा केंद्राच्या खुर्चीत तू बसणार. पहिल्याच आठवड्यात कुणी आजी पासबुक पुढे सरकवून म्हणतील, "दोन महिने झाले, अनुदानाचे पैसे नाहीत. बघ जरा." त्यावर लगेच "बँकेत विचारा" किंवा "तहसीलला जाऊन या" म्हणू नकोस. त्यात त्यांची एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं, आणि तिथला माणूस त्यांना पुन्हा तुझ्याकडेच धाडतो.

अनुदानाचा पैसा चार ठिकाणांहून जातो. अर्ज मंजूर आणि चालू असावा लागतो, हे तहसीलचं किंवा त्या विभागाचं काम. मग त्या महिन्याचा निधी सुटून यादी पाठवली जावी लागते. मग आधार क्रमांकावरून बँक ठरते. शेवटी त्या बँकेने खात्यात जमा करावं लागतं. नेमकं कुठे अडलंय हे कळल्याशिवाय कोणाकडेही पाठवायचं नाही.

सगळ्यांत जास्त घोळ तिसऱ्या ठिकाणी होतो. "आधार बँकेला जोडलंय हो!" असं सगळेच सांगतात आणि ते खरंही असतं, बँकेने केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार घेतलेलं असतं. पण अनुदान त्यावर येत नाही. एनपीसीआय या संस्थेकडे एक तक्ता आहे, त्यात तुमच्या आधार क्रमांकापुढे फक्त एका बँकेचं नाव असतं. खाते क्रमांक त्यात नसतोच. सरकार आधारवर पैसे सोडतं, तक्ता बँक दाखवतो, आणि त्या बँकेतलं कोणतं खातं ते बँक आपल्या नोंदीवरून ठरवते. म्हणून अर्जात लिहिलेला खाते क्रमांक बिनचूक असूनही पैसे दुसरीकडे जातात.

तक्त्यात शेवटची संमती टिकते. बचतगटासाठी नवीन खातं उघडलं, फॉर्मवर दहा सह्या केल्या, त्यातली एक सीडिंगच्या, म्हणजे त्या तक्त्यात आधारपुढे ही बँक लावण्याच्या, संमतीची होती. पुढचा हप्ता त्या नव्या बँकेत. बाई मात्र जुनंच पासबुक भरून आणतात आणि पैसे बुडाले म्हणून बसतात. २०१७ मध्ये सिमकार्डाची आधार पडताळणी करताना अनेकांची पेमेंट्स बँकेची खाती नकळत उघडली आणि त्यांची गॅसची सबसिडी तिकडे वळली. म्हणून "पैसे आले नाहीत" ऐकलंस की पहिला प्रश्न हा: गेल्या वर्षभरात कुठे नवीन खातं काढलंत का? मोबाइलच्या दुकानात काढलेलंही सांगा.

तपासायला पाच मिनिटं लागतात. मायआधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा, 'बँक सीडिंग स्टेटस' उघड. बँकेचं नाव, सीडिंग चालू आहे की बंद, आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख दिसते. ही तारीख नीट बघ. हप्ता बंद झाल्याचा महिना आणि ही तारीख जुळली, तर कारण सापडलंच म्हणून समज. ओटीपीसाठी मोबाइल आधारला जोडलेला लागतो. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही सीडिंग कळतं, किरकोळ पैसे कापले जातात.

बँक बदलायची असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे आधार सीडिंगचा फॉर्म द्यायचा. त्यात आधी कोणत्या बँकेत सीडिंग होतं तो रकाना असतो, लोक तो कोरा सोडतात. भरून घे. डीबीटी (थेट खात्यात येणारं अनुदान) घेण्याच्या संमतीवर खूण आहे का बघ आणि पोच शिक्क्यासह घ्यायला सांग. दोन-तीन दिवसांनी पुन्हा स्टेटस काढ, कारण फॉर्म काउंटरवर पडून राहण्याची उदाहरणं कमी नाहीत. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरूनही आता ग्राहकाला स्वतः सीडिंगची विनंती टाकता येते, पण सगळ्या बँका तिथे नाहीत.

तक्ता बरोबर, तरी पैसे परत गेले, तर खात्याकडे वळ. जनधन खाती २०१४ पासून उघडली. कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दर दहा वर्षांनी नव्याने करावी लागते, त्यामुळे अलीकडे खूप खाती त्यात अडकली. आधारची प्रत आणि फोटो घेऊन शाखेत गेलं की काम होतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. अशा वेळी पासबुकावरचं जुनं नाव किंवा आयएफएससी कोड नव्या अर्जात तसाच उतरवू नकोस. खातं अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचं हवं. किमान शिल्लक नसल्याचा दंड अनुदानातून कापला जात असेल तर ते बेसिक बचत खात्यात बदलून देण्याचा अर्ज शाखेत लिहून द्यायला लाव.

आता पहिलं ठिकाण, म्हणजे अर्ज मंजूर आणि चालू आहे का ते. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना २,५००. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,००० आहे. तहसीलच्या संजय गांधी शाखेला वेळोवेळी हयातीचा आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. तो गेला नाही की अनुदान थांबतं, आणि घरी पत्र येईलच असं नाही. नोटीस बोर्डावर यादी लागते किंवा तलाठ्याकडे येते, तिचा फोटो काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाव. माझ्या मते तुझ्या हातून होणारं सर्वांत उपयोगाचं काम हेच.

लाडकी बहीण योजनेत वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. इतर सरकारी आर्थिक योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर हा लाभ मिळत नाही, म्हणून निराधारचं अनुदान घेणाऱ्या बाईंना दोन्ही मिळतील असं सांगू नकोस. नमो शेतकरीचे पैसे घेणाऱ्या बहिणीला फरकाचे ५०० येतात. "माझेच हजार कापले" ही तक्रार बहुतेक वेळा त्यातली असते. ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाइलचा ओटीपीही लागतो. नवरा कामाला पुण्याला असेल तर फोनवर त्याला आधी तयार ठेव, नाहीतर ओटीपी येऊन संपतो. सरकारी नोकरीबद्दलच्या प्रश्नावर घाईत खूण करू नकोस. अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखव. चुकीच्या उत्तरामुळे पात्र बाईचाही हप्ता थांबू शकतो.

बाळंतिणीच्या बाबतीत नावाचा घोळ जास्त. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत (३,००० आणि २,०००), दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम. बँकेत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, दवाखान्याच्या कार्डावर तिसरंच. हे गरोदरपणाच्या सुरुवातीलाच जुळवून घे. बाळाच्या जन्मानंतर २७० दिवसांच्या आत दावा करावा लागतो आणि तेवढे दिवस बघता बघता जातात. दुसऱ्या हप्त्याला जन्मनोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्याची नोंद लागते, तेव्हा आशाताईंकडे कार्डाची चौकशी कर. अर्ज टाकल्यावर पहिला हप्ता येईपर्यंत आधारवरचं नाव बदलायला कुणाला पाठवू नकोस.

पैसे जमा झाले तरी काही बँक मित्र (गावात बँकेचे पैसे काढून देणारे प्रतिनिधी) मशीनवर "अंगठा लागला नाही, पुन्हा लावा" म्हणतात आणि दोनदा पैसे निघतात. प्रत्येक वेळी पावती मागायची आणि पासबुक प्रिंट करायचं, हे आजींच्या नातवाला शिकव. कष्टाच्या हातांचे ठसे झिजतात. अशांचं बायोमेट्रिक आधार केंद्रात नव्याने घ्यायला सांग.

परत गेलेले पैसे आपोआप फिरून येतील या भरवशावर राहू नकोस. दुरुस्ती झाल्यावर थकीत महिन्यांसाठी लेखी अर्ज दे, त्यावर महिन्यांची नावं लिही आणि सीडिंग स्टेटसची प्रिंट जोड. तोंडी सांगितलेलं कोणत्याच फायलीत राहत नाही. लाडकी बहिणीसाठी १८१, आधारच्या शंकेसाठी १९४७. बँकेने लेखी तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा मदत क्रमांक १४४४८. केंद्राकडे जाताना ही तीन नंबरांची चिठ्ठी खिशात ठेव आणि मार्कर घेऊन जा. भिंतीवर लिही, सगळ्यांना दिसेल असं.

कळावे.